बसायला येणाऱ्या वेंकूबाई

आजाऱ्याला पाहायला येणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. आल्या आल्या तोंड पाडायचं, कपाळाला हात लावून बघायचा, "किती सुकलीस गं" म्हणायचं, आपल्या नात्यातलं कोण याच दुखण्यानं कसं गेलं ते साग्रसंगीत सांगायचं आणि ताक पिऊन निघून जायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी थोरली जाऊ कामाक्षी, आमची अक्का, हिला पाहायला अशी माणसं आली की मी त्यांना दारातूनच परतवायची. झोपलीय म्हणायची. अक्का आत टक्क जागी असायची आणि हसायची.

एकाच बाईला मी कधी अडवलं नाही. अडवलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या. त्यांचं नाव वेंकूबाई.

वेंकूबाई आमच्याच गल्लीत, राजवाड्याच्या मागच्या अंगाला, एका खोलीत राहायच्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, डोईवर पदर, आणि चेहरा असा की बाई आत्ता जेवून आलीय की उपाशी आहे तेही कळू नये. त्यांचे यजमान सांबशिवराव राजवाड्यात चोपदार होते. सोनेरी काठी धरून महाराजांपुढं उभं राहायचं हेच त्यांचं काम. कंपनीनं राज्य खालसा केलं, पुढं उभं राहायला कुणी उरलं नाही, आणि काही वर्षांत सांबशिवरावांचं अर्धं अंग गेलं. वाचाही गेली. मग ते पुष्कळ वर्षं आडवेच होते.

त्या वर्षांत त्यांना पाहायला अर्धं तंजावूर येऊन गेलं. सगळे म्हणायचे, होईल हो बरं, देव आहे. सांबशिवराव डोळे मिटून घ्यायचे. एक म्हातारा तेली तेवढा यायचा. तो तेल मापून द्यायचा आणि तिथंच भिंतीला टेकून आपल्या घाण्याच्या बैलाच्या तक्रारी सांगत बसायचा. बैल आळशी आहे, खातो फार, वळणावर थांबतो. तेली बोलायला लागला की सांबशिवराव डोळे उघडायचे आणि तो जाईपर्यंत मिटायचे नाहीत. वेंकूबाईंनी हे पाहिलं. दुसऱ्या कुणी तेल्याला दुवा दिला असता. यांनी त्याची रीत उचलली.

सांबशिवराव गेल्यावर पलीकडच्या आळीतून एका घरानं त्यांना बोलावलं. तिथल्या म्हाताऱ्याला क्षय होता आणि घरच्यांना त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना. वेंकूबाई गेल्या, बसल्या. मग दुसरं घर, तिसरं घर. त्या ना औषध द्यायच्या ना अंगारा. पैसा घ्यायच्या नाहीत, पानसुद्धा खायच्या नाहीत. गल्लीत कुणी विचारलं, कुठं निघालात, तर म्हणायच्या, "बसायला."

आमच्या घरी त्या यायच्या त्या अक्काच्या पायासाठी.

अक्काचा डावा पाय गुडघ्याखाली सुजला तेव्हा ती ऐन तिशीत होती. आमच्या कावेरीकाठच्या गावांत हे दुखणं नवं नाही, दर चार घरांत एखादा असा पाय असतोच, पण आपल्या घरात आला की तो नवाच असतो. आधी अमावास्येला हुडहुडी भरून ताप यायचा. ताप उतरला की सूज उतरायची. मग ताप उतरला तरी सूज राहू लागली. कातडी जाड होत होत फणसाच्या सालीसारखी झाली. बोटातली जोडवी सोनाराला बोलावून कापून काढावी लागली. सवाष्ण बाई, आणि एका पायात जोडवी नाहीत, म्हणून सासूबाई तेव्हा दोन दिवस जेवल्या नव्हत्या. अक्का जेवली. ती म्हणाली, "सोनारानं जोडवीं कापलीं, पाय नाहीं कापला. तो कापला असता तर बरं झालं असतं."

उपाय सगळे झाले. वैद्याचे लेप झाले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरानं लाल औषध लावायला दिलं आणि कोरड्या हवेच्या गावी जाऊन राहा म्हणून सांगितलं. भातखाचरांच्या मुलखातल्या माणसानं कोरडी हवा कुठून आणायची ते त्यानं सांगितलं नाही. वैत्तीश्वरन कोविलात चांदीचा पाय वाहिला. सोनारानं तो पाय इतका नाजूक, सडपातळ घडवला होता की अक्का तो हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, देवाला वाटेल भलत्याच बाईचा आहे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं असं म्हणतात. ही म्हणसुद्धा लोक तिच्यासमोर म्हणायचे. म्हटल्यावर काय म्हटलं ते त्यांच्या लक्षात यायचं आणि मग ते फार घाईनं उठायचे.

अक्कानं बाहेर पडणं सोडलं. लग्नकार्य सोडलं, देऊळ सोडलं, पुढचं दारही सोडलं. मूल नव्हतं. तिचे यजमान, म्हणजे माझे मोठे दीर तुळजाजीराव, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. माणूस वाईट नव्हता. बायकोच्या दुखण्याची त्यांना सवय झाली होती, इतकंच. सकाळी विचारायचे, "बरं आहे?" ती म्हणायची, "बरं आहे." तोपर्यंत ते चपला घालत असायचे. मीही काही वेगळी नव्हते. रोज सकाळी कोमट पाण्यानं तिचा पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, खालून वर पट्टी गुंडाळायची. पट्टी गुंडाळताना मी सांबारात चिंच किती घालायची याचा विचार करायची. रोज मरे त्याला कोण रडे.

आणि मग दर गुरुवारी, दुपारची जेवणं झाली की, वेंकूबाई यायच्या.

पहिल्या दिवसापासून मला त्यांचं एक खटकलं होतं. येणारी सगळी माणसं अक्काच्या उशाशी बसायची, तोंडाकडं तोंड करून, पायाकडं चुकून नजर जाऊ नये म्हणून. वेंकूबाई सरळ पायाशी बसायच्या. चटईवर तो पाय पसरलेला असायचा, त्याच्या शेजारी, एखाद्या ओळखीच्या माणसाशेजारी बसावं तशा. कापूस काढायच्या आणि दिव्याच्या वाती वळायला लागायच्या. थोडा कापूस अक्काकडे सरकवायच्या. बरं आहे का, ताप आला होता का, काही नाही. त्या बाजारात काय पाहिलं ते सांगायच्या, कुणाच्या गायीला काय झालं ते सांगायच्या. कधीकधी दोघी गप्प बसून नुसत्या वाती वळायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायची, आणि ऐकायला काही नसलं की मला त्याचाही राग यायचा.

एकदा अक्का म्हणाली, "मावशी, मला मरावंसं वाटतं."

मी आतून धावत आले, असं अभद्र बोलू नये म्हणायला. वेंकूबाईंनी हातानंच मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "कधीं वाटतं? सकाळीं कीं संध्याकाळीं?"

अक्कानं विचार केला. "सकाळीं. वसू पाय धुवूलागली कीं."

"कां?"

"ती माझ्याकडं बघत नाहीं म्हणून."

वेंकूबाई "हं" म्हणाल्या आणि वात वळत राहिल्या. मला इतका संताप आला की मी पातेलं आपटलं. राबायचं मी, पाय धुवायचा मी, आणि बोल लावून घ्यायचा तोही मीच. पण दुसऱ्या दिवशी पाय धुताना मी मुद्दाम अक्काच्या तोंडाकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती. आम्ही दोघीही ओशाळलो. त्यानंतर मी रोज एकदा तरी बघायची. याचं श्रेय मी वेंकूबाईंना बोलून कधी दिलं नाही.

उठायची वेळ झाली की वेंकूबाई कापूस पदरात बांधायच्या, गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आणि म्हणायच्या, "सेरी, येतें मी."

अक्का म्हणायची, "या."

'सेरी' म्हणजे बरं, ठीक. आमच्यात कुणाच्याही घरून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. हे तर सगळीकडंच आहे. पण आमच्याकडं, तंजावुरात, दुसरंही एक आहे. दुखवट्याच्या घरून निघताना काहीच म्हणायचं नसतं. 'येते' म्हणणं म्हणजे त्या घरी पुन्हा अशाच कारणानं यायचं बोलावणं. म्हणून गुपचूप उठायचं, चालू लागायचं, मागं वळून बघायचं नाही. लहान पोरींनासुद्धा हे शिकवलेलं असतं. दुखवट्याहून आलेल्या बाईकडं बघूनच कळतं की ही निरोप न घेता उठलीय.

अक्काला त्या 'येतें मी'चा काय आधार होता ते मला फार उशिरा कळलं. आम्ही घरची माणसं कुठं येत-जातच नव्हतो, आम्ही होतोच. ही एक बाई होती जी बाहेरून यायची, बसायची आणि पुढच्या गुरुवारी ही बाई इथं असेल असं धरून जायची. डॉक्टर असं धरत नव्हता. तुळजाजीराव धरत असतील, पण त्यांनी ते कधी उच्चारलं नाही.

पटकीचं साल आलं. राज्य जाऊन वीसेक वर्षं झाली होती. आगगाडी आली होती, तिच्याबरोबर माणसं यायची आणि माणसांबरोबर रोग यायचा, असं तिण्णैवर, म्हणजे आमच्या दारापुढच्या ओट्यावर, बसणारे पेन्शनीतले म्हातारे म्हणायचे. राज्य गेलं तरी त्यांचा दरबार उठला नव्हता. त्या उन्हाळ्यात गल्लीत घरटी कुणी ना कुणी गेलं. वेंकूबाई ज्यांच्याकडं बसायला जायच्या त्यांतलेही बरेच गेले. आधी बसायला जायच्या, मग दुखवट्याला जायच्या. सकाळी एक घर, दुपारी दुसरं. त्यांचा चेहरा होता तसाच राहिला. मी एकदा म्हटलं, "दमला असाल, मावशी." त्या म्हणाल्या, "दमल्याचं कळत नाहीं." मी आत वळले. मला चुलीवर काही होतं.

मग एका गुरुवारी त्या आल्याच नाहीत. पटकीच्या दिवसांत कुणाला काय काम पडेल सांगता येत नाही. अक्का दिवसभर दाराकडं कान लावून होती. पुढच्या गुरुवारी त्या आल्या. नेहमीसारखे पाय धुतले, पायाशी बसल्या, कापूस काढला. अमावास्या नुकतीच झाली होती आणि अक्काला ताप येऊन गेला होता. घोट्यापाशी कातडी चिरली होती. अक्का त्याबद्दल बोलत राहिली. वेंकूबाई "हं" म्हणत राहिल्या. बाजारातलं काही सांगितलं नाही. गायीचं नाही. वाती मात्र वळल्या, पुष्कळ वळल्या.

मग त्या उठल्या. अक्का "या" म्हणायला तोंड उघडून बसली होती. वेंकूबाई दाराकडं गेल्या, उंबरा ओलांडला आणि निघून गेल्या. वळून पाहिलं नाही.

अक्का तशीच बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "वसू, त्या जातांना काय म्हणाल्या?"

"कांहीं नाहीं."

"कांहीं म्हणजे कांहींच नाहीं?"

मी म्हटलं, विसरल्या असतील. पण ही गोष्ट विसरायची नाही हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. तंजावुरातली बाई हे विसरत नाही. पाय आपोआप जसे दुखवट्याच्या घरातून चालतात तसे त्यांचे पाय आमच्या घरातून चालले होते. अक्का म्हणाली, "त्यांनीं मला मेली धरलं." तिचा आवाज सपाट होता. रडली असती तर मी समजूत घातली असती.

त्या संध्याकाळपासून तिनं जेवण बंद केलं. सकाळी मी पाणी घेऊन गेले तर पाय पांघरुणाखाली ओढून घेतला. धुवू देईना, पट्टी बांधू देईना. म्हणाली, मढ्याचा पाय कशाला धुतेस. तुळजाजीरावांनी विचारलं, "बरं आहे?" ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली आणि ते चपला हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. मालधक्क्याला उशीर झालेला मी त्यांना तेवढा एकदाच पाहिला. चिरेतून पाणी झरायला लागलं, पाय लाल झाला, ताप परत आला. डॉक्टर येऊन बघून गेला. बाहेर येऊन दिरांना म्हणाला, पाय असाच ठेवला तर विष अंगात चढेल, मग माझ्या हातात काही नाही. मी ते आतून ऐकलं, आणि अक्कानंही ऐकलं असणार. ती काही हलली नाही.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. इतकी वर्षं पाय मी धुतला, आणि ही बाई एक शब्द न बोलता तो सडवून जाते! मंगळवारी सकाळी पदर खोचून मी वेंकूबाईंच्या खोलीवर गेले.

त्या जमिनीवर बसून शेवग्याचा पाला काढत होत्या. फांदी धरायची, पानं ओरबाडायची, काडी टाकायची. समोर पाल्याचा ढीग पडला होता. एकट्या बाईला इतका पाला आठ दिवस खाऊन संपला नसता. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

मी तोंड सोडलं. म्हटलं, ती मरूलागलीय तुमच्यापायीं. अन्न सोडलंय, पाय सडूलागलाय. येतें म्हणायला काय जीभ झडली होती तुमची? गल्लीतल्या सगळ्या मढ्यांपाशी बसून बसून आमची जिवंत बाईसुद्धा तुम्हांला मढं दिसायला लागली काय?

वेंकूबाईंनी फांदी खाली ठेवली. "म्हटलं नाहीं मी?"

"नाहीं."

"मी आले होते?"

त्या माझ्याकडं बघत होत्या, पण बघत नव्हत्या. म्हणाल्या, "आले असेन. गुरुवार होता." मग दुसरी फांदी घेतली आणि अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "अंबा गेली."

अंबा त्यांची लेक. एकुलती एक. ओरत्तनाडूला अन्नछत्राजवळ दिलेली होती, नवरा छत्रात मुदपाकावर होता. मी तिला लग्नात पाहिली होती, मोठ्यानं हसायची. वेंकूबाई सांगत होत्या ते असं, की निरोप आला तेव्हा त्या बैलगाडी करून गेल्या, पोचेपर्यंत पेटवलं होतं. लेकीचं सुतक तीन दिवसांचं. ते तिथंच काढलं, आणखी थोडे दिवस राहिल्या, आणि परत आल्या त्या दिवशी गुरुवार होता, म्हणून आमच्याकडं आल्या. कुणाला सांगितलं नाही. "काय सांगायचं," म्हणाल्या. "गल्लींत सगळ्यांचंच कोणीतरी गेलंय."

मी उभी होते. तोंडात शब्द येत होते. देवाची इच्छा. सुटली बिचारी. तुम्ही तरी काय करणार. सगळे तेच, ज्यांच्यासाठी मी लोकांना दारातून परतवत होते. मी एकही बोलले नाही, पण बसायलाही मला सुचलं नाही. थोडा वेळ उभी राहून मी घरी आले. येताना मीही काही म्हटलं नाही. त्या घरी म्हणायचं नसतंच.

अक्काला मी दारातूनच सांगितलं. "त्यांची अंबा गेली. तिच्या घरून उठून त्या आपल्याकडं आल्या होत्या. तुला कांहीं धरलं नाहीं त्यांनीं. इथें आल्याचंसुद्धा त्यांना भान नव्हतं."

अक्का भिंतीकडं तोंड करून होती ती तशीच राहिली. मला वाटलं ताप चढलाय, ऐकलं नाही. मी स्वयंपाकघराकडं वळले तेव्हा तिचा आवाज आला, "वसू, ताक दे."

ताक प्यायली. मग म्हणाली, "पाणी तापव. पाय धू." मी धुतला. चिरेला लागलं तशी ती कळवळली, पण पाय ओढला नाही. मी जुन्या लुगड्याची धुतलेली, कोरडी पट्टी बांधली. ती म्हणाली, "घट्ट बांध. चालायचंय."

"कोठें?"

"त्यांच्याकडं."

मी म्हटलं, वेडी झालीस काय. अंगात ताप आहे. शिवाय आज मंगळवार, मंगळवारी सवाष्ण बाई दुखवट्याला जात नाही, लोक काय म्हणतील.

"दुखवट्याला कोण जातंय?" अक्का म्हणाली. "मी बसायला जातें."

कितीतरी वर्षांनी ती पुढच्या दारातून बाहेर पडली. एक हात माझ्या खांद्यावर, एक भिंतीला. तिण्णैवर दरबार भरला होता. तुळजाजीराव त्या दिवशी घरीच होते, ते ताडकन उठले. त्यांनी विचारलं नाही कुठं निघालीस. एवढंच म्हणाले, "गाडी आणूं?" ती म्हणाली, "नको. चार घरं तर आहेत." म्हाताऱ्यांच्या नजरा सगळ्या एकदम आभाळाकडं गेल्या, जणू काही पेन्शन तिकडून पडणार होती. पोरं मात्र पोरंच. ती उघड बघत होती. एका पोरीनं आईला मोठ्यानं विचारलं, तो पाय खरा आहे का. अक्का थांबली, दम घेतला आणि तिला म्हणाली, "खरा आहे गं. हात लावून बघ हवं तर." पोर आईमागं लपली. चार घरं चालायला आम्हांला इतका वेळ लागला की माझा खांदा अवघडून गेला.

वेंकूबाईंच्या दारात एक उंच पायरी होती. अक्कानं दोन्ही हातांनी आपला पाय उचलून पायरीवर ठेवला, मग स्वतःला वर ओढलं. आत जाऊन ती भिंतीला टेकून बसली आणि पाय समोर पसरला. वेंकूबाईंनी वर पाहिलं. या म्हटलं नाही, कशाला आलीस म्हटलं नाही. अक्कानं शेवग्याची एक फांदी ओढून घेतली आणि पाला काढायला लागली.

मी दारात उभी होते. या वेळी मी बसले.

"मला रडूं येत नाहीं, कामू," वेंकूबाई म्हणाल्या. "कोणाच्याच घरीं येत नाहीं. इतकीं गेलीं, नाहीं आलं. मला वाटायचं, आपलं कोणी गेलं तर येईल. अंबासाठीं येईल. वाट बघतेंय." त्यांनी काडी बाजूला ठेवली. "तिच्यासाठींसुद्धा येत नाहीं, म्हणजे मी काय बाई आहें?"

मी असते तर म्हटलं असतं, येईल हो, वेळ लागतो. अक्का म्हणाली, "झोपलांत कधीं?"

"आडवी होतें."

"इकडे या." तिनं पायावरचं लुगडं जरा सारखं केलं. "टेका डोकं."

"तुझा पाय दुखेल."

"पोटरीवर टेका. तिथं मला कांहीं कळत नाहीं. हवा तितका वेळ ठेवा."

वेंकूबाई थोडा वेळ त्या पायाकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या त्याच्या शेजारी बसल्या होत्या. मग त्या हळूच आडव्या झाल्या आणि त्यांनी डोकं त्यावर ठेवलं, गाल पट्टीला लावून, तोंड भिंतीकडं करून. अक्का पाला काढत राहिली. मला वाटलं बाई झोपल्या. त्यांचं अंग जराही हलत नव्हतं, श्वासही ऐकू येत नव्हता.

काही वेळानं अक्काचा हात थांबला. ती माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाली, "वसू, पट्टी ओली लागते कां बघ गं. मला कळत नाहीं."

मी गुडघ्यांवर पुढं सरकले, वाकले, आणि बोट लावून पाहिलं. आधी मला चिरेचीच भीती वाटली, पण चीर खाली घोट्यापाशी होती आणि तिथली पट्टी कोरडी होती. ओली होती ती वर, वेंकूबाईंच्या गालाखाली. त्यांचे डोळे उघडे होते.

मी मान डोलावली.

"सेरी," अक्का म्हणाली. "तूं जा घरीं. मला वेळ लागेल."